तळटीप : सरळ ओहोळ आणि गावांची नावे

१२. सरळ ओहोळ : साक्री तालुक्यात शेतांमधून सरळ वाहणारे प्रत्येक पाणी मूळचा ओहोळच असेल असे नाही. पांझरा आणि कान या नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून निघालेला पाट बेताचा उतार राखत जातो, त्याला चाऱ्या फुटतात आणि पाटकरी फडाफडांत (शेतांच्या गटांत) पाणी पाळीने सोडतो. खरा ओहोळ वळणे घेत येतो. तो सरळ केला की पाण्याचा वेग वाढतो, काठ खचतात आणि पाणी मुरायला उसंत मिळत नाही. जुने वळण शोधताना गावनकाशाबरोबर शिवाराची नावेही पाहावीत. गावाच्या नावांबाबत मात्र सावध असावे. पिंपळनेर पांझरेकाठी असले, तरी त्यातले ‘नेर’ हे ‘नीर’ नव्हे, ‘नगर’ होय (नगर–नयर–नेर). अमळनेर आणि जामनेर यांतही तेच.  शिवाराची नावे बहुधा तोंडीच चालत आलेली असतात. ती वडीलधाऱ्यांकडून वेळीच लिहून घ्यायला हवीत.