राजकीय असत्य आणि माध्यमसिद्धांत

सत्तेने पसरवलेले खोटे लोकांच्या गळी कसे उतरते, याचा शोध घेणारा माध्यम-अभ्यासातील विषय. बोलणाऱ्याचा हेतू ओळखून इथे भागत नाही. बातमी घडते कशी, हे पाहावे लागते.

टोंकिनच्या आखाताचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. 2 ऑगस्ट 1964 रोजी उत्तर व्हिएतनामी नौकांनी अमेरिकेच्या ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवर हल्ला केला, तो खरा होता. 4 ऑगस्टचा दुसरा हल्ला मात्र झालाच नव्हता. अंधारी रात्र, खराब हवामान आणि रडार-सोनारचे फसवे संकेत यांमुळे घटनास्थळावरील अधिकाऱ्यानेच काही तासांत शंका कळवली होती. तरीही अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून प्रतिहल्ल्याची घोषणा केली. 7 ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसने त्यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही पडले नाही, सिनेटमध्ये अवघी 2.

वृत्तपत्रांनी सरकारी कथन जवळपास जसेच्या तसे छापले. माध्यम-अभ्यासक लान्स बेनेट यांच्या 1990 मधील मांडणीनुसार, बातमीतील मतभेदांची व्याप्ती सत्तावर्तुळातील मतभेदांएवढीच राहते. डॅनियल हॅलिन यांनी 1986 मध्ये एकमत, वैध वाद आणि बहिष्कृत मत अशी तीन क्षेत्रे दाखवली. एकमताच्या क्षेत्रात पत्रकार उलटतपासणीच सोडून देतो. विरोधात मत देणारे सिनेटर वेन मोर्स यांचे आक्षेप म्हणूनच विरून गेले, आणि त्याची किंमत लाखो व्हिएतनामींनी मोजली.

1971 मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’ हा व्हिएतनाम युद्धाविषयीचा गुप्त सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी आणखी मूलगामी निदान केले : प्रतिमा जपणारे राज्यकर्ते अखेर स्वतःच त्या प्रतिमेला भुलतात. दुसऱ्या हल्ल्याविषयीचे गुप्तवार्तेचे पुरावे विपर्यस्त रूपात मांडले गेल्याचे दाखवणारा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा अंतर्गत अभ्यास 2005 मध्ये खुला झाला.