ट्रेटिनॉइन
मुरमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेऊन रात्री लावायचे, अ जीवनसत्त्वाच्या कुळातील क्रीम (→ जीवनसत्त्व अ). त्याचा हा उपयोग अमेरिकेत ॲल्बर्ट क्लिगमन यांनी 1969 मध्ये मांडला. 1971 मध्ये तेथे मान्यता मिळाली. केसांच्या मुळाशी बुजलेली छिद्रे ते मोकळी करते. धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलवटते, मुरूम वाढल्यासारखेही दिसतात. तरी सोडू नये, फरक पडायला सुमारे 12 आठवडे लागतात. उन्हाने त्वचा लवकर पोळते. कर्जत-खालापूरकडे ऑक्टोबरच्या उन्हात भातकापणीला जाणाऱ्यांनी चेहरा झाकावाच. गरोदरपणी वर्ज्य. स्टेरॉइड व हायड्रोक्विनोनसह ते मिसळलेली क्रीमे गोरेपणासाठी सर्रास लावली जातात. त्यांनी मुरूम उलट बळावतात (→ स्टेरॉइडे).