'सोपा' नावाचे अवघड विधेयक

लेखकाच्या वा गायकाच्या श्रमाचे फळ दुसऱ्याने परस्पर लुबाडावे, ही चोरीच होय. याविषयी दुमत नसावे. प्रश्न उद्भवतो तो चोर पकडण्याच्या रीतीविषयी. पहारेकऱ्याच्या हाती किती अधिकार द्यावा, हा वाद इंटरनेटहून फार जुना आहे.

१५५७ साली इंग्लंडची राणी मेरी हिने लंडनच्या मुद्रक व ग्रंथविक्रेत्यांच्या 'स्टेशनर्स कंपनी'ला सनद दिली. छपाईचा हक्क बहुतांशी कंपनीच्या सभासदांपुरता राखला गेला आणि बेकायदा ग्रंथ शोधून जप्त करण्याचा अधिकारही तिलाच मिळाला. राणी कॅथलिक होती व तिला पाखंडी पुस्तके रोखावयाची होती, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. तिच्यामागून आलेल्या प्रॉटेस्टंट एलिझाबेथनेही १५५९ मध्ये तीच सनद कायम केली! व्यापाऱ्यांना धंद्याचे रक्षण हवे होते, सत्तेला विचारांवर पहारा. एकाच किल्लीने दोन्ही कुलुपे लागत होती. पुढे १६९५ मध्ये परवाना-कायद्याची मुदत संपली, ती पार्लमेंटने वाढवली नाही. १७१० च्या कायद्याने नव्या पुस्तकावरचा हक्क लेखकाला १४ वर्षांसाठी दिला. लेखकाचे रक्षण आणि विचारांवरचा पहारा या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या झाल्या.

तीनशे वर्षांनी अमेरिकेत त्या पुन्हा एकत्र येऊ लागल्या. २६ ऑक्टोबर २०११ रोजी लमार स्मिथ यांनी प्रतिनिधिगृहात 'स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट', म्हणजेच 'सोपा', हे विधेयक मांडले. सिनेटमध्ये पॅट्रिक लेही यांचे 'पिपा' हे तशाच आशयाचे विधेयक मे महिन्यातच आले होते. चित्रपट व संगीत उद्योगांचा या दोहोंना पाठिंबा होता. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते: चोरीचा माल परदेशी संकेतस्थळांवर असे आणि तेथवर अमेरिकन कायद्याचा हात पोहोचत नसे. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अशा स्थळाची वाट अडवावी, शोधयंत्रांनी त्याचा पत्ता गाळावा, जाहिराती व पैशांची देवघेव थांबावी, अशी तरतूद सुचवली गेली. 'सोपा'च्या मूळ मसुद्यात तर न्यायालयात न जाता, हक्कधारकाच्या केवळ नोटिशीवर पैशांचा ओघ तोडण्याची सोय होती.

विरोध उसळला तो येथेच. एकेका स्थळावर लाखो लोक लिहितात. काहींच्या अपराधापायी सबंध स्थळ बंद पडले, तर सुक्याबरोबर ओलेही जळणार. शिवाय या भयाने स्थळचालक स्वतःच दुसऱ्यांच्या लिखाणावर कात्री चालवू लागतील.

१८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने २४ तास आपली पाने झाकून ठेवली. गूगलने आपल्या नावावर काळी पट्टी ओढली आणि त्याच्या निषेध-अर्जावर ७० लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्यांत दूरध्वनी खणखणू लागले. दोनच दिवसांनी, २० जानेवारीस, दोन्ही विधेयके लांबणीवर पडली; ती पुन्हा उभी राहिली नाहीत. विशेष म्हणजे मधल्याच दिवशी अमेरिकन सरकारने चोरीच्या आरोपावरून 'मेगाअपलोड' हे मोठे स्थळ जुन्याच कायद्यांच्या आधारे बंद पाडले होते.

हे लोण युरोपातही पोहोचले. 'ॲक्टा' या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध पोलंडमध्ये तरुण कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने तो करार ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला.

आपल्या देशालाही याचा अनुभव आला. मे २०१२ मध्ये, चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा हवाला देऊन इंटरनेट कंपन्यांनी कित्येक संकेतस्थळे सरसकट बंद केली. त्यांत निरपराध लोकांच्या चित्रफिती असलेले 'व्हिमिओ'ही होते. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की, अडवायचे ते चोरीचे नेमके पान, सगळे स्थळ नव्हे.

वाचकहो, विधेयक पडले म्हणून चोरी पुण्य ठरत नाही. कलावंताला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि फुकटच्या चित्रपटाचा मोह आपल्या घरातच आवरला पाहिजे. परंतु चोराच्या शोधात गावाच्या सगळ्या वाटा अडवण्याचा अधिकार जो मागतो, त्याला 'न्यायाधीश कोठे आहे?' असे विचारणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.