पंचावन्न टक्क्यांची रेघ

मागच्या महिन्यात शेजारची मुलगी प्लॅस्टिकची फाइल घेऊन आमच्या घरी आली. आम्ही वारज्यात राहतो, माळवाडीच्या अंगाला. ही मुलगी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. ती रात्रपाळी करून परतते तेव्हा मी दूध आणायला निघालेलो असतो. जिन्यात आमची सलामदुवा होते.

"चाचा, एवढा अर्ज नीट मराठीत लिहून द्या," ती म्हणाली. अर्ज होता एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशात सवलत मिळावी म्हणून. बी.एस्सी.ला तिला ५२ टक्के पडले आहेत आणि एम.एस्सी.साठी किमान ५५ लागतात. मी स्वतः बी.ए. तिसऱ्या वर्गात पास झालेला माणूस. कविता लिहिणाऱ्याकडे कुणी गुणपत्रिका मागत नाही, म्हणून माझं निभावलं. अर्ज लिहून दिला. उत्तर काय येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुण का घसरले, हे मी विचारलं. दहावीपर्यंत तिचं शिक्षण मराठीतून झालेलं. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शरीररचनेची जाडजूड इंग्रजी पुस्तकं समोर आली. पान कळेपर्यंत तास संपायचा. पुढच्या वर्षांत ती सावरली, पण पहिल्या वर्षाची तूट एकूण बेरजेतून गेली नाही.

ती गेल्यावर मी नेहमीप्रमाणे कर्वेनगरकडे फिरायला निघालो. वारज्याला लागूनच हे उपनगर आहे. पूर्वी हे हिंगणे बुद्रुक गाव. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो १९०० मध्ये इथल्या माळावरच्या झोपडीत आला. तेव्हा पुण्यातून इथवर यायचं तर चिखल तुडवत यावं लागे. परीक्षेचं दार तोंडावर बंद होणं म्हणजे काय, हे अण्णांना लहानपणीच कळलं होतं. १८७५ मध्ये कोकणातल्या मुरूडहून शंभराहून अधिक मैल डोंगरवाटा तुडवत ते साताऱ्याला सहावीच्या परीक्षेसाठी गेले. सतरा वर्षं पूर्ण असूनही दिसायला लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. आल्या पावली परतावं लागलं.

याच अण्णांनी १९१६ मध्ये हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि इंग्रजी एक विषय म्हणून शिकवायचं, हे त्यांचं सूत्र. पदवीला त्यांनी सुंदर नाव दिलं, 'गृहीतागमा'. पण या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. मराठीतून मिळालेली पदवी ती कसली, असं म्हणणारेही होते. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. वैधानिक दर्जा मिळायला मात्र १९५१ साल उजाडलं. पुढे १९६४ मध्ये याच विद्यापीठाने मुंबईत लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय काढलं. हिंगण्याच्या माळावर ज्या पदवीला कमी लेखलं गेलं, तिच्याच घराण्यातून परिचारिकांची पदवी जन्माला आली.

त्याआधी नर्सिंगकडे कुणी सन्मानाने पाहत नव्हतं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याकडच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीत गेल्या. त्यांच्याकडे शुश्रूषेचं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केलं आणि पुढे तिथल्या बायका नर्सिंग शिकू लागल्या. परक्या पुरुषाची जखम धुणारी बाई म्हणून त्यांना समाजाचे टोमणे खावे लागले. यातल्या कितीतरी विधवा होत्या. अक्षरओळखच उशिरा झालेल्या त्या बायकांना टक्केवारी विचारली असती, तर वर्गच भरले नसते.

मग टक्के आले कुठून? ते आले सन्मानाच्या मागणीतून. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. नर्स ही डॉक्टरांची मोलकरीण नसून तिला स्वतःचं शास्त्र आहे, हे सिद्ध करायचं तर प्रवेशाला अटी हव्यातच. म्हणून ५५ टक्क्यांची रेघ मी वाईट मानत नाही. उद्या ही मुलगी शिक्षिका होणार, तर तिला विषय यायलाच हवा.

पण या रेघेत एक गंमत आहे. बारावीला ४० टक्के मिळालेली मुलगी जीएनएम ही पदविका घेऊ शकते. पदविकेनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. तिथे चांगले गुण मिळाले, वर्षाचा अनुभव झाला, की एम.एस्सी.चं दार उघडतं. म्हणजे लांबच्या वाटेने गेलेलीला दुसरी गुणपत्रिका मिळते. आमच्या शेजारणीसारखी थेट पदवीला गेलेली मात्र एकदा घसरली की घसरलीच. पोस्ट बेसिकची वाट तिला नाही. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत आहे, ती योग्यच आहे. पण ती हिला लागू नाही. एक वर्षाचा अनुभव नियमात मागितलेला आहे, पण तो फक्त असावा लागतो. सहा वर्षं झाली तरी त्याने अर्धा टक्काही वाढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अतिदक्षता विभागात सहा वर्षं रात्री जागलेल्या नर्सचा अनुभव लेखी परीक्षेइतका नको, पण काही गुणांचा तरी धरा. नाहीतर थेट पदवी घेतलेलीलाही एक दुसरी परीक्षा द्या. रेघ पुसू नका, तिच्यापर्यंत पोचायला पायरी द्या. अण्णांनी दुसरं काय केलं? ज्या बायकांना चालू विद्यापीठं परवडत नव्हती, त्यांच्यासाठी निराळी पायरी बांधली.

अर्जाला नकार आला. आता ती एक वर्षाच्या पदविकेची चौकशी करते आहे. अतिदक्षता, नवजात बालकं, कर्करोग अशा शाखांतल्या या पदविका नोंदणीकृत, अनुभवी नर्सला करता येतात. त्या एम.एस्सी.ची जागा घेत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. "चाचा, निदान पुस्तकं आता कळतात," ती म्हणाली.

परवा सकाळी जिन्यात भेटली. डोळे लाल, हातात फाइल. अर्ज इंग्रजीत होता आणि तिने तो स्वतः लिहिला होता. मी फक्त एक स्पेलिंग सुधारलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)