मासळी, पीक आणि भूक: बायोस्टॅटिस्टिशियनचं काम आलं कुठून?

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स संपत आलेल्या ज्युनिअर्सचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पुढे बायोस्टॅट घेतलं तर स्कोप आहे का?" या प्रश्नाला नोकऱ्यांची यादी देऊन मोकळं होता येतं. यादी मी खाली देणारच आहे. पण ती दर पाच-सात वर्षांनी बदलते. एकेकाळी कोणी 'क्लिनिकल एसएएस प्रोग्रॅमर' हे पद ऐकलंही नव्हतं, उद्या कदाचित ते नसेलही. कामाचा गाभा मात्र तोच राहिला आहे, आणि तो इतिहासातून जास्त नीट कळतो. त्या इतिहासाचं एक टोक मी राहते त्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांपर्यंत येतं.

साधा वाटणारा प्रश्न घ्या. या महिन्यात मुंबईच्या किनाऱ्यावर मासळी किती उतरली?

जमिनीवरच्या पिकाला निदान सातबारा असतो, गाव नमुने असतात. समुद्राला सातबारा नाही. होड्या भरतीच्या वेळेनुसार येतात, काही रात्री येतात, काही दुसऱ्याच बंदराला लागतात. बोंबील, जवळा टोपल्यांनी उतरतो आणि काट्यावर चढायच्या आधीच त्याचे वाटे होऊन विकला जातो. पावसाळ्यात मासेमारी बंद. म्हणजे वर्षाला बाराने भागून 'सरासरी महिना' काढण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक बंदरावर रोज चोवीस तास माणूस उभा करणं तर कोणत्याच सरकारला परवडणार नाही.

१९५८ साली 'बायोमेट्रिक्स' या जर्नलमध्ये भारतातल्या सागरी मासळीचा अंदाज सॅम्पलिंगने कसा घ्यायचा यावर एक लेख आला. लेखक तिघे: पां. वा. सुखात्मे, व्ही. जी. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री. 'बायोमेट्रिक्स' म्हणजे आज आपण ज्यात पेपर छापून यावा म्हणून झुरतो तेच जर्नल. जैवसांख्यिकीच्या या नामांकित जर्नलमध्ये त्यांनी मांडलेला प्रश्न होता किनाऱ्यावरची मासळी मोजण्याचा.

आज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (तिचं मुंबईतलं केंद्र वर्सोव्याला आहे) याच वळणाची पद्धत वापरते. किनाऱ्याचे विभाग पाडायचे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करायचे. कोणत्या बंदरावर कोणत्या दिवशी जायचं हे यादृच्छिक निवडीने ठरवायचं. सोयीचा दिवस निवडायची मुभा नाही. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा हजर राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्रीची आवक सकाळी विचारून घ्यायची. पंधरापर्यंत होड्या असतील तर सगळ्या नोंदवायच्या, त्याहून जास्त आल्या तर त्यातून नमुना घ्यायचा. परीक्षेत स्तरित बहुटप्पी सॅम्पलिंगची व्याख्या आपण पाठ लिहितो. तिचा अर्थ इतका सरळ आहे: थोडी माणसं, थोडा पैसा, आणि तरीही 'आमचा अंदाज किती चुकू शकतो' हे सांगता यावं.

सुखात्म्यांचं नाव आपल्याकडे संख्याशास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारसं घेतलं जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९३२ मध्ये ते फर्ग्युसनमधून पदवीधर झाले आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. तिथे त्या काळात नेमन, इगॉन पिअर्सन आणि फिशर एकाच आवारात होते (आणि एकमेकांशी जोरदार भांडत होते). १९३६ ला पीएच.डी., १९३९ ला डी.एस्सी. परतल्यावर काही काळ कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थमध्ये, आणि १९४० पासून दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत. पुढे १९५१ पासून सुमारे वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. पानसेही याच परंपरेतले. दोघांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अजून हाताळून मऊ झालेलं सापडतं.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्गात शिकवायलाच हवा असं मला वाटतं तो भाग म्हणजे चाळीसच्या दशकातला पीक कापणीचा वाद. देशात अन्नधान्य किती पिकतं हे कळायला हवं होतं. बंगालच्या दुष्काळाच्या दशकात हा प्रश्न कागदी नव्हता. शेतात यादृच्छिक जागी छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं, ही पद्धत सगळ्यांना मान्य होती. वाद होता तुकड्याच्या आकाराचा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल छोट्या तुकड्यांकडे: खर्च कमी, म्हणून जास्त शेतांत जाता येतं. सुखात्म्यांचं म्हणणं, छोटा तुकडा उत्पन्न फुगवून दाखवतो. १९४६ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये हे प्रयोगांच्या आधारे मांडलं.

का फुगवतो, ते स्वतः गणित करून बघा. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलं. कापणाऱ्याने काठावरची रोपं 'आतलीच आहेत' म्हणून धरली आणि त्रिज्या नकळत दोन इंच वाढली. चोवीसच्या जागी सव्वीस इंच. क्षेत्रफळ वाढलं १७ टक्क्यांनी. हाच दोन इंचांचा घोळ दहा फूट त्रिज्येच्या वर्तुळात झाला तर वाढ जेमतेम साडेतीन टक्के. यात कोणी लबाडी केलेली नाही. डौलदार कणीस डोळ्यांसमोर असताना ते बाहेर ठेवायला हात होत नाही, इतकंच. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ही चूक एकाच दिशेची आहे. दहा हजार शेतांत जा नाहीतर लाख शेतांत, सॅम्पल साइज वाढवून ती जाणार नाही. स्टँडर्ड एरर छान कमी दिसेल आणि उत्तर तितकंच चुकीचं राहील.

महालनोबिसांच्या बाजूनेही न्याय करायला हवा. त्यांच्या संस्थेचे स्वतःचे प्रशिक्षित गणक होते, त्यांच्यावर देखरेख होती. सुखात्म्यांना हे काम महसूल आणि शेती खात्यातल्या माणसांकडूनच करून घ्यायचं होतं. वर्तुळाच्या मापाआड खरा वाद होता, मोजणार कोण, हा. तलाठ्याच्या हातात टिकेल अशी पद्धत हवी, हा आग्रह मला आजही पटतो. आपण थेसिससाठी चाळीस पानांची प्रश्नावली बनवतो आणि ती भरून घ्यायला आशाताईंना पाठवतो, तेव्हा हा वाद आठवावा.

दुसरा वाद जास्त धारदार आहे, कारण तो भुकेचा आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासात माणशी दिवसाला २२५० कॅलरी हा निकष धरला. तेवढं अन्न ज्या खर्चात मिळत नाही तो गरीब. रोमहून पुण्याला परतलेल्या सुखात्म्यांनी हरकत घेतली. सरासरी गरज ही सरासरी असते. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या लोकांतही बऱ्याच जणांची गरज सरासरीच्या खालीच असणार, मग त्यांना उपाशी कसं म्हणायचं? शिवाय एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. म्हणून रेषा सरासरीवर न ओढता सरासरीतून दोन प्रमाण विचलन वजा करून ओढा.

रेषा तेवढी खाली सरकली की देशातल्या उपाशी माणसांची संख्या एका झटक्यात कितीतरी कमी होते. कोणाच्याही ताटात एक भाकरी न वाढता! दांडेकरांनी यावर कडक टीका केली, सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनीही. माझं मत विचाराल तर सरासरीला सीमारेषा मानण्यावरचा सुखात्म्यांचा आक्षेप संख्याशास्त्र म्हणून बिनतोड आहे. पण शरीर जुळवून घेतं म्हणजे त्याची किंमत मोजत नाही, ही उडी मोठी होती. खुंटलेली उंची, न झेपणारं काम, हे त्या जुळवून घेण्यातच येतं. त्याच वेळी स्वच्छ पाणी आणि जुलाबासारखे आजार सुटल्याशिवाय नुसत्या कॅलरी वाढवून भागणार नाही, हा त्यांचा मुद्दा मात्र पुढे कित्येकांनी उचलला. एका 'वजा दोन एसडी'मध्ये एवढं राजकारण मावू शकतं.

आता दवाखान्याकडे येऊ. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्सची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष: आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, काहीच तपासणी न केलेल्या गटात ६४. बाकी दोन पद्धतींत लक्षणीय घट दिसली नाही.

पेपर वाचणारा १,३१,७४६ या आकड्याने दिपतो. बायोस्टॅटिस्टिशियनने ५२ कडे बघायचं असतं. चिठ्ठी स्त्रियांची निघाली नव्हती, समूहांची निघाली होती. एका समूहातल्या बायकांचा दवाखाना एक, रस्ता एक, चालीरीती साधारण सारख्या. एका समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया येतात. समजा त्यांच्यातला अंतर्गत सहसंबंध फक्त ०.००१ आहे. डिझाइन इफेक्ट तरीही साडेतीनच्या आसपास जातो, म्हणजे सव्वा लाखावरच्या स्त्रियांची माहिती साधारण ३७ हजारांच्या तोलाची उरते. हे आधी लक्षात घेतलं नाही तर दहा वर्षांची मेहनत करून शेवटी 'काही सांगता येत नाही' हे उत्तर हातात येतं.

आणि ते ६४ मृत्यू. तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल अशा चाचण्यांवर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. बाजू काहीही घ्या, पण कोणतं गाव कोणत्या गटात जाणार ही यादी सांख्यिकीवाल्याच्या टेबलावर तयार होते. हे काम 'मी फक्त डेटा बघतो' म्हणून अंग काढून घेण्यासारखं नाही.

तर स्कोप. मुंबईपुरतं बोलायचं तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे: १९५६ मध्ये सुरू झालेली, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी सांभाळणारी (पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांवर कुटुंबं). तिथे जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे. खाररोडहून हार्बरने वडाळा, तिथून पनवेल लोकलने गोवंडी. परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्याची संस्था आणि टाटा मेमोरियल. मेडिकल कॉलेजांच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात सांख्यिकीचं पद असतं. बहुधा एकच, आणि अख्ख्या कॉलेजचे पी.जी. थेसिस त्या एका माणसाच्या दारात, तेही सबमिशनच्या आठवड्यात.

सगळ्यात जास्त जागा मात्र औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी चाचण्या चालवणाऱ्या कंत्राटी संशोधन संस्थांत आहेत. पगार सरकारी प्रोजेक्टच्या कंत्राटी पदापेक्षा सहसा बरा, वाढही वेगाने. पण सुरुवातीला बरंचसं काम प्रोग्रॅमिंगचं असतं: परदेशात ठरलेल्या आराखड्याप्रमाणे डेटासेट बांधायचे, टेबलं काढायची, दुसऱ्याने काढलेली तपासायची. हे काम हलकं नाही, शिस्त लावतं. तरी नेमकं हेच काम यंत्राकडे सरकायला लागलं आहे. आराखडा कोणी ठरवला, तुलना कोणाशी, सॅम्पल साइज कुठून आला, हे विचारणारा तिथेही वर चढतो. नुसता कोड चालवणारा दहा वर्षांनी त्याच खुर्चीत असतो. म्हणून इंडस्ट्रीत जायचं ठरवलंत तरी आधी सहा महिने, वर्षभर एखाद्या फील्ड सर्व्हेत काढा. गणकाच्या बरोबर दारोदार फिरा. फॉर्ममधला कोणता रकाना दुपारी घरात सासू असताना खरा भरला जात नाही, हे एसएएसच्या लॉगमध्ये दिसत नाही.

पीएच.डी.च्या मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: 'कोणती सॉफ्टवेअर येतात' याचं उत्तर सगळेच तयार ठेवतात. 'तुमच्या अभ्यासात छेद कोणता, आणि तो कसा मिळवणार' याचं तयार ठेवा. १९५८ चा मासळीवरचा तो लेख मिळवून त्याआधी वाचलात तर उत्तम. त्यातलं गणित एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रापलीकडचं नाही. डिझाइन इफेक्ट हाताने कसा काढायचा ते पुढच्या पोस्टमध्ये, वरचंच उदाहरण घेऊन, एकेक पायरी करून दाखवते. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.