सुपरझूम कॉम्पॅक्ट कॅमेरा

सुपरझूम कॉम्पॅक्ट कॅमेरा हा दूरचे दृश्य मोठे करून टिपणारे लांब पल्ल्याचे झूम भिंग कायमचे जोडलेले असलेला, खिशात मावेल अशा आकाराचा डिजिटल कॅमेरा होय. प्रवास, पक्षिनिरीक्षण व वन्यजीव छायाचित्रणासाठी तो वापरला जातो. सातारा जिल्ह्यातील कास पठार व मायणी, तसेच सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य अशा ठिकाणी फुलांच्या किंवा प्राण्यांच्या जवळ न जाता छायाचित्र घेता येणे, हा त्याचा मुख्य उपयोग आहे.

इतिहास

पॅनासॉनिक कंपनीने २००६ मध्ये लुमिक्स टीझेड१ हा १० पट झूम असलेला लहान कॅमेरा बाजारात आणला. २०१८ मध्ये आलेल्या कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस या कॅमेऱ्यात ४० पट झूम होता. त्याच वर्षीच्या निकॉन कूलपिक्स पी१००० ची क्षमता १२५ पट असली, तरी सुमारे १.४ किलोग्रॅम वजनामुळे तो खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत मोडत नाही; अशा मोठ्या प्रकारास 'ब्रिज कॅमेरा' म्हणतात. स्मार्टफोनच्या प्रसारामुळे २०१० नंतर साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची मागणी घटत गेली. मात्र लांब पल्ल्याच्या प्रकाशीय झूममुळे या प्रकाराचे वेगळेपण टिकून राहिले.

कार्यपद्धती

भिंगाच्या कमाल नाभीय अंतरास किमान नाभीय अंतराने भागले असता प्रकाशीय झूमची पट मिळते. एसएक्स७४० चे नाभीय अंतर ४.३ ते १७२ मिलिमीटर आहे. त्याचा संवेदक अतिशय लहान असल्यामुळे हा पल्ला ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यातील २४ ते ९६० मिलिमीटर इतका ठरतो. इतका मोठा पल्ला लहान भिंगात बसतो, तो या लहान संवेदकामुळेच.

५० मीटर अंतरावर हा कॅमेरा रोखल्यास झूम न करता सुमारे ७२ मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते. पूर्ण झूम केल्यावर ते सुमारे १.८ मीटर रुंदीचे होते. म्हणजे ५० मीटरवर उभे असलेले काळवीट चौकटीचा बराच भाग व्यापते.

डिजिटल झूममध्ये भिंग हलत नाही; चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो. २० मेगापिक्सेलच्या चित्रावर दोन पट डिजिटल झूम केल्यास मूळची ५ मेगापिक्सेल माहितीच उरते. त्यामुळे कॅमेरा निवडताना प्रकाशीय झूमचाच आकडा विचारात घ्यावा लागतो.

मर्यादा

लांब पल्ल्याची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते. एसएक्स७४० चे छिद्र रुंद टोकाला एफ/३.३ असते, तर पूर्ण झूमला एफ/६.९ इतके अरुंद होते. ९६० मिलिमीटर पल्ल्यावर हाताच्या कंपाने चित्र पुसट होऊ नये म्हणून शटरचा वेग ढोबळमानाने १/१००० सेकंद लागतो. प्रतिमा स्थिरीकरणामुळे हाताचा कंप बराच भरून निघतो. उडणाऱ्या पक्ष्याची हालचाल मात्र त्याने थांबत नाही. कमी उजेडात संवेदनशीलता वाढवावी लागते व चित्र रवाळ होते. कास पठारावर फुलांचा बहर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे ढग, धुके व पावसाच्या दिवसांत असतो. त्यामुळे ही उणीव तेथे विशेष जाणवते. यातील बहुतेक कॅमेरे पाणीरोधकही नसतात. याउलट दुष्काळी भागात दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते आणि उत्तम भिंगातूनही दूरचे चित्र अस्पष्ट येते. तेथे सकाळची वेळ उपयुक्त ठरते.

सातारा-सांगली परिसरातील उपयोग

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथील कातळावर मातीचा थर पातळ असून त्यात दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या चिमुकल्या कीटकभक्षी वनस्पती वाढतात. त्या पायाखाली सहज चिरडल्या जातात. वाटेवर उभे राहून झूमने छायाचित्र घेतल्यास हे टळते. खटाव तालुक्यातील मायणी तलाव हिवाळी स्थलांतरित पक्ष्यांसाठी परिचित आहे. पाणपक्ष्यांचा थवा माणूस जवळ जाताच उठतो, म्हणून काठापासून दूर राहणे आवश्यक ठरते. सागरेश्वर या मानवनिर्मित अभयारण्यात सांबर, चितळ व काळवीट आढळतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का पोहोचविणे याचाही समावेश आहे. त्यामुळे घरट्याजवळ जाऊन छायाचित्र घेणे केवळ अनुचित नव्हे, तर कायद्याने गुन्हाही ठरू शकते. अभयारण्यात प्रवेश व छायाचित्रणासाठी वन विभागाची परवानगी लागते.