साडेबारा टक्क्यांचं घर

मागच्या हिवाळ्यात ओळखीतलं एक तरुण जोडपं आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलं होतं. कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहिलं होतं जर्मनटाउन, उजवीकडे फ्रेडरिक. जर्मनटाउन म्हणजे आमची मॉन्टगोमेरी काउंटी, वॉशिंग्टन शहराला लागून. शाळा नामांकित, ग्रंथालय हाकेच्या अंतरावर, मेट्रो फार लांब नाही. पण तेवढ्याच पैशांत दोन खोल्या कमी. फ्रेडरिकची काउंटी उत्तरेला. तिथे अंगण मिळतं, मोठं स्वयंपाकघर मिळतं आणि रोज आय-२७० महामार्गावरच्या रांगेत उभं राहावं लागतं. मुलगी पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाणार. तिचा बाबा सारखा एकच शब्द बोलत होता, "परवडत नाही." मला मात्र सारखा दुसरा शब्द ऐकू येत होता. परवडत नाही म्हणून लांब राहायला गेलेल्यांची जी परवड होते, ती मी वीस वर्षं बघते आहे.

निघता निघता तिने विचारलं, "काकू, तुमची शेजारीण ते काउंटीचं घर घेऊन राहते ना? ते नेमकं काय असतं?"

तिला तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण प्रश्न मनातून जाईना. शेजारणीच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. आम्हाला गॅरेज आहे, तिला नाही. आमच्या दर्शनी भिंतीला विटा, तिच्या भिंतीला व्हिनाइलच्या पट्ट्या. बाकी दार तसंच, जिना तसाच, शाळेची बसही तीच. ती रुग्णालयात रात्रपाळी करते. तिच्या घराला इथे 'एमपीडीयू' म्हणतात, म्हणजे माफक किमतीचं घर. मोठी वसाहत बांधणाऱ्याने दर शंभर घरांमागे किमान साडेबारा घरं अशा दरात द्यायची, असा काउंटीचा कायदा आहे. नवी मुंबईत साडेबारा टक्के म्हटलं की प्रकल्पग्रस्तांना परत मिळणारी विकसित जमीन आठवते आणि तिच्यामागचं १९८४ चं जासईचं आंदोलनही. आकडा सारखा असणं हा योगायोग आहे. पण इथल्या साडेबारा टक्क्यांमागेही गमावलेल्या जागेचा एक जुना हिशेब आहे, आणि तो घरांच्या किमतीपासूनच सुरू होतो.

१८९० साली फ्रान्सिस न्यूलँड्स यांनी चेव्ही चेस लँड कंपनी काढली. त्यांच्यामागे नेवाडातल्या चांदीच्या खाणींवर गब्बर झालेल्या सासऱ्यांची संपत्ती होती. पुढे ते स्वतः नेवाडाचे सिनेटर झाले. कंपनीने वॉशिंग्टनच्या वायव्येला, आमच्या काउंटीपर्यंत शेतजमिनी घेतल्या, त्यांतून कनेक्टिकट अॅव्हेन्यू सरळ पुढे नेला आणि १८९२ मध्ये त्यावर विजेची ट्राम धावू लागली. मग प्लॉट विकायला काढले, अटींसकट. मुख्य रस्त्यावरचं घर ५,००० डॉलर्सपेक्षा स्वस्त बांधायचं नाही, आतल्या रस्त्यांवर ३,००० पेक्षा कमी नाही. घर रस्त्यापासून ठरावीक अंतर मागे. एकमेकांना खेटून सलग घरं नकोत, दुकानं नकोत.

या अटी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. घराची किंमत जास्तीत जास्त किती असावी हे ठरवणारे नियम मला ठाऊक होते. इथे कमीत कमी किती असावी हे ठरवलं होतं. स्वस्त घर बांधणं हाच करारभंग! आज आम्ही म्हणतो की इथली घरं महाग आहेत, जसं म्हणावं की इथे थंडी फार पडते. पण ही थंडी आकाशातून आलेली नाही. माणसांनी ती कागदावर लिहून, सही करून आणली आहे.

किंमत कोणाला बाहेर ठेवण्यासाठी होती, हेही लपून राहिलेलं नाही. १९०६ मध्ये कंपनीच्याच जुन्या जमिनीपैकी एका तुकड्यावर बेलमॉन्ट नावाची वसाहत आखली गेली आणि तिथले प्लॉट कृष्णवर्णीय ग्राहकांना विकायचं ठरलं. कंपनीने १९०९ मध्ये ती वसाहत आखणाऱ्यांना कोर्टात खेचलं. बेलमॉन्ट कधीच उभं राहिलं नाही. कृष्णवर्णीयांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती रद्द करावी, ही मागणी न्यूलँड्स यांनी १९१२ मध्ये उघडपणे केली होती. पुढच्या अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत तर वंशाचा उल्लेख करून बंदी घातली गेली.

१९२८ मध्ये काउंटीत झोनिंग आलं, म्हणजे कुठे काय आणि केवढं बांधायचं याचे सरकारी नियम. खासगी करारातली अट आता नकाशावर रंगवली गेली. इथे एका प्लॉटवर एकच कुटुंब, प्लॉट अमुक इतका मोठा हवाच. प्लॉटच मोठा असेल तर घर स्वस्त होणार कसं? वंशाच्या अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारातला भेदभाव कायद्याने बंद झाला. प्लॉटच्या आकाराची अट मात्र जागच्या जागी राहिली.

मधल्या काळात काउंटी फुगली. बेथेस्डात राष्ट्रीय आरोग्य संस्था आली, जर्मनटाउनला अणुऊर्जा आयोग आला, गेदर्सबर्गला मोजमापांची राष्ट्रीय संस्था आली. १९४० मध्ये ८४ हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९७० मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात गेली. प्रयोगशाळा आल्या, तसे त्यांच्या फरशा पुसणारे, टायपिंग करणारे, कँटीन चालवणारेही आले. शाळांना शिक्षक लागले, अग्निशमन दलाला जवान लागले. त्यांतल्या पुष्कळांना नोकरी इथे होती आणि घर इथे घेता येत नव्हतं.

त्याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. पोटोमॅकजवळ सेव्हन लॉक्स रोडवर स्कॉटलंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांनी तिथे जमिनी घेतल्या होत्या. आजूबाजूला बंगले उठले, पण १९६० च्या दशकातही या वस्तीत नळ नव्हता, सांडपाण्याची सोय नव्हती. घरं पडकी ठरवून पाडली जाऊ लागली. तेव्हा वस्तीतली माणसं आणि आसपासच्या चर्च-सिनेगॉगमधली माणसं एकत्र आली, जमीन वाचवली आणि तिथे नवी सलग घरं बांधून घेतली. महागड्या परिसराच्या पोटात साध्या उत्पन्नाची माणसं राहू शकतात, हे काउंटीने तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मग कायद्याची मागणी सुरू झाली. ती लावून धरली लीग ऑफ विमेन व्होटर्स या महिलांच्या संघटनेने आणि घरांच्या समान हक्कासाठी लढणाऱ्या स्थानिक गटांनी. या बायकांचं मला फार अप्रूप वाटतं. दिवसा मुलांच्या शाळा सांभाळायच्या आणि संध्याकाळी सुनावण्यांना जाऊन झोनिंगच्या कलमांवर बोलायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. वाटेत एक धोंडा होता. नदीपलीकडच्या फेअरफॅक्स काउंटीने १९७१ मध्ये असाच नियम केला होता. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९७३ मध्ये रद्द केला. मोबदला न देता बिल्डरला स्वस्त विकायला लावणं म्हणजे त्याची मालमत्ता काढून घेणं, असं न्यायालयाचं म्हणणं.

मॉन्टगोमेरीने त्या निकालातून धडा घेतला. मोबदला पैशांत द्यायचा नाही, हवेत द्यायचा. बिल्डरने माफक दराची घरं दिली तर त्याला त्याच जमिनीवर वीस टक्क्यांपर्यंत जास्त घरं बांधू द्यायची. आपल्याकडे वाढीव एफएसआय म्हणतात, तेच हे. काउंटी एक्झिक्युटिव्ह जेम्स ग्लीसन यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला. कौन्सिलने तो ओलांडून १९७३ मध्ये कायदा केला आणि जानेवारी १९७४ पासून तो लागू झाला. पन्नास किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात पंधरा टक्के घरं माफक दराची. १९८१ मध्ये ते प्रमाण साडेबारावर आलं. पन्नासची मर्यादाही पुढे वीसपर्यंत उतरली. महाराष्ट्रात मोठ्या भूखंडांवर वीस टक्के लहान घरांची अट २०१३ मध्ये आली, तीही याच कुळातली.

या कायद्यात एक कलम असं आहे, ज्याच्यासाठी मी त्याला मनापासून नमस्कार करते. अशा घरांपैकी एक तृतीयांशापर्यंत घरं काउंटीची गृहसंस्था विकत घेऊ शकते आणि अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने देऊ शकते. त्यामुळे इथे सरकारी घरं एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेली नाहीत. ती आमच्यासारख्यांच्या रांगेत विखुरलेली आहेत. शिवाय इथे शाळा गावागणिक वेगळ्या नाहीत. संपूर्ण काउंटीचा एकच शिक्षण विभाग आहे.

याचं फळ मोजलंही गेलं. हेदर श्वार्ट्झ या संशोधिकेने अशा सरकारी घरांत राहणाऱ्या साडेआठशेच्या आसपास मुलांचे २००१ ते २००७ या काळातले गुण तपासले. कुठलं घर मिळेल हे कुटुंबाच्या हातात नव्हतं. नंबर लागेल तिथे जायचं, म्हाडाच्या सोडतीसारखं. म्हणजे चांगल्या शाळेजवळ हुशार आईबापच गेले, असं म्हणायला जागा नाही. काउंटीने गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांवर जास्त पैसा खर्च केला होता, लहान वर्ग दिले होते. तरीही ज्या गरीब मुलांना सुस्थितीतल्या मुलांच्या शाळांत जागा मिळाली, ती पाच ते सात वर्षांत पुढे गेली. गणितात सुस्थितीतल्या मुलांशी असलेलं त्यांचं अंतर निम्म्याने कमी झालं. त्या मुलांना कोणी वेगळी शिकवणी लावली नव्हती. त्यांचा फक्त पत्ता बदलला होता.

त्या जोडप्याच्या कागदावर 'चांगली शाळा' ही ओळ डावीकडे होती आणि 'किंमत' ही ओळ उजवीकडे. शाळा आणि किंमत अशा दोन पारड्यांत टाकाव्या लागतात, कारण एकशे तीस वर्षांपूर्वीपासून कोणीतरी त्या एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत. गाठ सोडवली की काय होतं, हे या साडेआठशे मुलांनी दाखवलं.

सगळंच चांगलं झालं असं नाही. सर्वांत मोठी चूक मुदतीची. १९७४ च्या कायद्यात किमतीवरचं नियंत्रण फक्त पाच वर्षांचं होतं. पाच वर्षं संपली की घर बाजारभावाने विकायला मोकळं. १९८१ मध्ये ती मुदत दहा वर्षांची झाली. पहिल्या तीस वर्षांत दहा हजारांहून जास्त घरं बांधली गेली आणि त्यांतली हजारो या मुदतीच्या भोकातून गळून गेली. हौद भरत होता आणि खालची तोटी उघडी होती. २००५ मध्ये ती आवळली. विक्रीच्या घरांवर तीस वर्षं, भाड्याच्या घरांवर नव्व्याण्णव. दुसरी पळवाटही होती, बेथेस्डासारख्या महाग भागात उंच इमारत बांधणाऱ्याने घरांऐवजी पैसे भरायचे. जिथे अशा घरांची खरी गरज होती तिथेच ती झाली नाहीत, आणि याचा मला राग येतो. आता श्रीमंत भागांत प्रमाण पंधरा टक्क्यांवर नेलं आहे, पण गेलेली वर्षं परत येत नाहीत.

घरं वाढवायची तर शेतीचं काय, असंही कोणी विचारेल. १९८० मध्ये काउंटीने ९३,००० एकर जमीन शेतीसाठी राखून ठेवली, साधारण एक तृतीयांश भाग. तिथे पंचवीस एकरांना एकच घर. पूल्सव्हिलच्या रस्त्याने सप्टेंबरात गेलं की दोन्ही बाजूंना मक्याचे खुंट आणि मधे एखादी खळ्याची लाल इमारत दिसते. विमानतळावरून आलेले आईवडील ती बघून हरखतात, मीही दर वेळी हरखते. पण जमीन राखली तर उरलेल्या जागेत दाटीने बांधायला हवं होतं. ते पुरेसं होऊ दिलं नाही, आणि रेल्वे स्टेशनांच्या आजूबाजूलासुद्धा एकएकटे बंगले उभे राहिले. शेतं राखल्याबद्दल कोणी या काउंटीला दोष देऊ नये. स्टेशनाजवळचे बंगले राखल्याबद्दल जरूर द्यावा.

अलीकडे हालचाल पुन्हा सुरू झाली आहे. २०२१ मध्ये काउंटीने स्वतःचा गृहनिर्माण निधी उभारला. सरकार त्यातून बांधकामाला स्वस्त भांडवल देतं आणि इमारतीची मालकी आपल्या हातात ठेवतं. शेडी ग्रोव्ह मेट्रोजवळ 'द लॉरिएट' ही २६८ घरांची इमारत तशी झाली. २०२३ मध्ये भाडेवाढीवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला. एका प्लॉटवर दोन-चार घरं बांधू द्यावीत का, यावरच्या सुनावण्यांना खुर्च्या पुरल्या नाहीत. विरोध करणारे परिसराचं 'स्वरूप' टिकवा म्हणत होते. मी एका सुनावणीला गेले होते. हा शब्द ऐकताना मला ते ५,००० डॉलर्स आठवत राहिले.

त्या जोडप्याला मी नंतर फोन केला. अर्ज कुठे करायचा, आधी कुठले वर्ग पूर्ण करावे लागतात, उत्पन्नाची मर्यादा साधारण किती, सगळं सांगितलं. त्यांचा पगार मर्यादेच्या थोडा वर निघाला. बाजारभावाचं घर घ्यायला कमी आणि माफक दराचं घर मिळायला जास्त. अशी कितीतरी कुटुंबं या दोन कड्यांच्या मधे लटकलेली आहेत. मार्चमध्ये त्यांनी फ्रेडरिकला घर घेतलं. तो आता सकाळी पावणेसहाला निघतो.

शेजारणीने तिचं घर २००७ मध्ये घेतलं. तिची नियंत्रणाची मुदत २०३७ पर्यंत आहे. त्याआधी विकलं तर घेतलेली किंमत, महागाईची भर आणि घरात केलेल्या सुधारणांचा खर्च, एवढंच तिला मिळेल. मी एकदा विचारलं होतं, वाईट नाही का वाटत? आमच्या घराची किंमत इतकी चढली आणि तुझी नाही. ती तेव्हा रात्रपाळीहून येऊन पायरीवर बसली होती, बूट काढत होती. म्हणाली, "मला घर विकायचंच नाहीये. माझी मुलगी याच रस्त्याने चालत शाळेत गेली." मग आत गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिच्या कॉफीचे दाणे भाजल्याचा वास आला.